मारव्यातले चाळीस सेकंद

बॉथेल,
३ एप्रिल २०२५

ती. संजीवकाकांना रुचाचा सा. न. वि. वि.

तुम्ही ईमेल उघडत नाही, म्हणून पेन शोधून बसले आहे. अक्षराला हसू नका.

सध्या मी सिएटलच्या स्टुडिओत नात्सुए कुरोमिया या जपानी गायिकेच्या अल्बमचं मिक्सिंग करते आहे. नऊ गाणी आहेत आणि एकाचा बाज दुसऱ्याला नाही. सुरुवातीला सिटी पॉप, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या टोकियोत गाडीत लावायचे ते नाचरं संगीत. मग ब्राझीलचा संथ बोसा नोव्हा, मग एन्का, म्हणजे त्यांची जुन्या वळणाची विरहगीतं, एक वॉल्ट्झ, आणि दोन गाणी निव्वळ कॉम्प्युटरवर रचलेली. कव्हरवर माझं नाव पहिल्यांदाच छापून येणार आहे.

तुमच्या मारव्याची कॅसेट बाबांनी दिली होती ना, शंतनूकाकांच्या बेसमेंटमधल्या १९९४ च्या बैठकीची? ती मी फावल्या वेळात साफ करत होते. नात्सुएने ती दारात उभं राहून ऐकली आणि शेवटच्या गाण्यासाठी त्यातले चाळीस सेकंद मागितले. तुमच्या सहीशिवाय ते वापरता येणार नाहीत, आणि ते नसतील तर ती ते गाणंच गाळणार आहे. परवानगीचा फॉर्म सही होऊन ५ मेच्या आत हवा. तो आणि अल्बमची सीडी सोबत आहे.

काकूला नमस्कार. रागवायचं तर रागवा, पण ऐकून रागवा.

तुमची,
रुचा

नेपरव्हिल,
११ एप्रिल

चि. रुचा हिला अ. उ. आ.

ऐकलं. नऊच्या नऊ गाणी ऐकली, म्हणजे मी न ऐकता बोललो असं तुला म्हणता येणार नाही.

पहिलं गाणं चालू असताना मला दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखं वाटलं. दुसरं बोसा नोव्हा आहे हे तू लिहिलंस म्हणून कळलं, नाहीतर बाईंना झोप येते आहे असंच मी धरून चाललो होतो. तिसऱ्यात त्या प्रत्येक स्वर हलवतात. त्याला तुम्ही एन्का म्हणता, आम्ही त्याला गळा तयार नसणं म्हणतो. कॉम्प्युटरच्या गाण्यांबद्दल न बोललेलंच बरं, तिथे बोलायला माणूसच नाही. एका अल्बममध्ये इतक्या शैली! एक धड जमली असती, तर बाकीच्यांची गरज पडली नसती.

आणि या मिसळीवर फरसाण म्हणून माझा मारवा? मारव्यात षड्ज कुठे टाळायचा आणि कुठे नुसता दाखवायचा, हे शिकण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. ती बैठक अजून लोकांच्या लक्षात आहे. मागे तंबोऱ्यावर तुझी काकू होती, तिला विचार. बाईंना चाळीस सेकंद कशाला हवेत ते मला चांगलं कळतं. पूर्वेकडचं काहीतरी गूढ घातलं की अल्बम खपतो. सही करणार नाही.

काकू बरी आहे. तिला सीडी ऐकवली नाही, उगाच डोकं दुखायचं. तू शहाणी आहेस, जेवणाखाणाची आबाळ करू नकोस.

संजीवकाका

बॉथेल,
१७ एप्रिल

ती. काकांना सा. न.

तुमचं पत्र मी नात्सुएला इंग्रजीत सांगितलं. एन्काबद्दलचं वाक्य गाळलं, कारण ती तिच्या आजीकडे सहा वर्षं एन्का शिकली आहे.

ती गोंधळूनच गेली. म्हणाली, पुरुष गातो तो भाग तिने मागितलाच नव्हता. तो श्वासाला थांबतो, तेव्हा मागून एक बाई हळूच कोमल रिषभ धरून ठेवते. तेवढंच तिला हवं आहे. सगळ्या जागा मिळून चाळीस सेकंद. कॅसेटवर तुमचं नाव होतं, म्हणून तुमचा आवाज हवा असं मीच ठरवून टाकलं. काका, तीन आठवडे मी ती कॅसेट साफ करत होते आणि काकूचा आवाज खरखर समजून कमी करत होते. मला स्वतःची फार लाज वाटली.

तेव्हा तुमच्या सहीची गरज नाही. काकूच्या नावाचा फॉर्म जोडला आहे, तो तिला द्या.

तुमच्यावरची माया तशीच आहे, राग तेवढा नवा आहे.

रुचा

नेपरव्हिल,
२३ एप्रिल

चि. रुचास आशीर्वाद.

तुझी आणि तुझ्या बाईंची गफलत झाली आहे. काकू गात नव्हती, तंबोऱ्यामागून सूर भरत होती. त्याला गाणं म्हणत नाहीत, आणि त्याचं श्रेयही कुणी घेत नाही. तिला यात ओढण्यात अर्थ नाही. फॉर्म कोराच परत करतो आहे. हा विषय आता पुरे.

संजीवकाका

नेपरव्हिल,
२४ एप्रिल

चि. रुचाला काकूचे पोटभर आशीर्वाद.

ह्यांची पत्रं पोस्टात टाकायचं काम या घरात माझं आहे. कालचं पाकीट जाड लागलं, म्हणून उघडलं. असं आजवर कधी केलं नव्हतं. ह्यांचं पत्रही यातच ठेवलं आहे, म्हणजे तुला सगळं कळेल.

ह्यांच्या टेबलावरची तुझी दोन्ही पत्रं वाचली, सीडी उचलली आणि इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ऐकली. पहिलं गाणं मलाही भंकस वाटलं, कॉम्प्युटरची दोन्ही तर पुढे ढकलली. एन्का मात्र दोनदा लावलं. ती मुलगी स्वर हलवते, पण सोडत नाही. ह्यांना तो फरक कळला नाही, याचं मला नवल वाटलं नाही.

आता त्या बैठकीचं ऐक. लग्नाआधी मी सांगलीला सात वर्षं गाणं शिकले. हे चार वर्षं शिकले आणि मग शिकवायला लागले. त्या संध्याकाळी मी रिषभ धरला तो शोभेसाठी नाही, ह्यांचा सुटत होता म्हणून. दर वेळी श्वास घेऊन आले की हे माझ्या स्वरावर पाय ठेवून पुढे जायचे. टाळ्या झाल्या, आणि हे गाडीत म्हणाले की तू मध्ये मध्ये फार येतेस. तेव्हापासून मी मागेही गायले नाही. मला वाईट वाटलं होतं, रुचा. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

नात्सुएला सांग, जुनी कॅसेट हवी तर घे, पण आवाज अजून लागतो. मे महिन्यात मी तुझ्याकडे येऊ शकते. तिकीट मीच काढेन. तू लाज वगैरे वाटून घेऊ नकोस, ये म्हणालीस की झालं.

आज सकाळी स्वयंपाकघरात ह्यांच्यासमोर सही केली. हे शेजारी आले. मग त्यांनी विचारलं, त्या कागदावर दोघांच्या सह्यांना जागा आहे का.

जागा होती. मी नाही म्हटलं.

तुझी,
रत्नाकाकू