कोपऱ्यातलं प्लायचं कपाट

अण्णा,

तुमची सून गेली. संक्रांतीच्या आधी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तिकडं असल्या बातम्या पोचतात का नाही, कोण जाणे. समोरच्या खोलीत ज्या कोपऱ्यात तिच्या आजारपणात खाट होती, तिथं मी आता एक तिकोनी कपाट बसवलंय. प्लायचं. प्लाय म्हटल्यावर तुमचं तोंड कसं होईल ते दिसतंय मला. "पापड हाय त्यो, लाकूड न्हाई," म्हणायचात. अख्ख्या सेलूत तुम्ही सागवानाशिवाय कशाला रंधा लावला नाहीत. आता सागवान कुणाला झेपतंय? दुकानातून पापडच उचलला आणि टमटममध्ये टाकून घरी आणला.

कपाटाची तशी गरज काही नव्हती. पोरगी पुण्याला असते. तेरावं उरकल्यावर म्हणाली, "बाबा, एकटे कशाला राहताय इथं? चला माझ्याकडे. घर भाड्यानं देऊ." चांगल्या मनानं म्हणाली बिचारी. मला जायचं नव्हतं, पण तिला नाही म्हणायला तोंड उघडेना. खाट काढल्यावर तो कोपरा भकास दिसत होता, तिकडं बघून बोललो, "एवढ्या कोपऱ्यात एक कपाट करतो, मग येतो." तिनं ते धरूनच ठेवलं. शेजारचे मामा रोज सकाळी येऊन पायरीवर बसायचे. "लय मेहनत घ्यायलात," म्हणायचे, "पण जायचंच हाय तर ह्याच्यात ठिवणार काय?" मी म्हणायचो, बघू. दुसरं काही सुचत नव्हतं. जेवलेलं कळत नाही, झोपलेलं कळत नाही. तुमच्या सुनेच्या माहेरची माणसं गळ्यात पडून रडली आणि मी त्यांच्यासाठी चहा टाकायला उठलो. साखर पुरेल का, एवढाच विचार होता डोक्यात.

काम मात्र तुमच्याच पद्धतीनं केलं. आधी पुठ्ठ्याचा साचा, तोही कोपऱ्यात दाबून दाबून बसवलेला. आपल्या घरातला एकही कोन गुण्याला धरत नाही, काटकोन म्हणून नाहीच, हे मी तुमच्या शिव्या खाऊनच शिकलोय. "तुझ्या बापानं असंच शिकविलं का रं कापायला?" असं तुम्हीच ओरडायचात आणि आई आतून खो-खो हसायची. शेवटी मी जिनिंगच्या वजनकाट्यावर नोकरीला चिकटलो, तुमचीही सुटका झाली, लाकडाचीही. आणि माप? माप तुम्ही भिंतीचं कधी घेतलंच नाहीत, माणसाचं घेतलंत. नवी सून घरात आली, पूजा झाली, आणि तुम्ही पेन्सिल कानाला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभे. सासऱ्यानं सुनेच्या जवळ जायचं नाही, म्हणून तोंड दुसरीकडं करून आईला सांगताय, "तिचा हात खांद्याच्या रेषेत सरळ धर अन् बोटापशी खूण कर." ती डोक्यावरचा पदर सावरत टाचा उंच करते. तुम्ही न बघताच ओळखता. "टाचा टेक, बाळ. फळीनं तुझ्याकडं यायचं, तू कशाला तिच्याकडं जातीस?" त्या मापाचं फडताळ झालं. आई उंच, तिला वाकावं लागायचं. "घर माझं आन् फळी हिची व्हय!" म्हणून ती कुरकुरायची, आणि तुमची सून तोंडाला पदर लावून हसायची. तिच्या माहेरी कुणी तिचं माप कपड्यापुरतंसुद्धा घेतलं नव्हतं, असं ती मला नंतर कधीतरी म्हणाली.

कपाट झालं, तेव्हा पोरीनं मोबाईलवर दाखवायला लावलं. "छान झालंय की! पण बाबा, वरची फळी एवढी खाली का? वर निम्मी भिंत मोकळीच राहिली." मी बघितलं. फळी माझ्या छातीशी. एकटा राहणारा माणूस, त्यात आईसारखा उंच, आणि फळी छातीशी. पुठ्ठा कापताना, खूण करताना, पेच आवळताना एकदाही ध्यानात आलं नव्हतं. हात आपला जिथं जायचा तिथं गेला होता. पोरीनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "बाबा, हे आईच्या मापाचं हाय." पुण्यात राहून राहून 'आहे' म्हणायला लागलेली पोर, 'हाय' म्हणाली आणि रडायला लागली. मला रडू आलं नाही, अण्णा. मी तिथं मोबाईल धरून उभा होतो, आणि माझा मलाच राग आला, की अरे, आता तरी रड. "चुकलं माझं," मी म्हणालो, "फळी काढून वर घ्यावी लागंल. ते झालं की येतो."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी फोन करते. "निघाली का फळी?" विचारते. मी म्हणतो, "काढायलोय." पेच गंजलेत म्हणून सांगितलं, एकदा हात दुखतोय म्हणून सांगितलं. नवे पेच गंजतील कसे, हे तिला कळत नसेल का? तुमची नात आहे. तरी "बरं, सावकाश करा," म्हणते आणि फोन ठेवते.

हे पत्र खरं तर पोरीला लिहायला बसलो होतो. वर नाव तुमचं पडलं, म्हणजे आता पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही. मी फळी काढत नाहीये, अण्णा. काल तिच्यावर तुमच्या सुनेच्या बांगड्यांचा डबा ठेवला.