झेंडूच्या माळेमागची तार

आबा, त्या तांब्याच्या तारेबद्दल लिहायचं म्हणून बसलो आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

परळच्या गिरणीत तेव्हा विजेचे दिवे नवे होते. डायनामोजवळच्या बोर्डावर तुम्ही, आणि तुमच्या हाताखाली मी, तुमचाच मुलगा, दोन पोरांचा बाप झालेला घोडा. प्रत्येक खात्याच्या लाइनीला बोर्डावर शिशाची बारीक तार असायची. विजेचा जोर वाढला की ती वितळायची, दिवे जायचे आणि खात्याचा मुकादम, जॉबर, आपल्या नावाने शिमगा करायचा. मीही वैतागायचो. तुम्ही मात्र नवी तार बोटांत घोळवून शांतपणे बसवायचात. "तार जळली म्हणान खातां वाचला रे," म्हणायचात.

खंडेनवमीला सकाळपासून कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्याची तार दोनदा गेली. साहेब पूजेला येणार, आणि ऐन आरतीत दिवे गेले तर अपशकुन. तुम्ही नारळ आणायला गेलात तेवढ्यात मी तिथे तांब्याची जाड तार अडकवली, जोर वाढला तरी न वितळणारी. तासाभराचाच प्रश्न होता. मग बोर्डावर झेंडूची माळ चढली, आणि पूजेची माळ सुकेपर्यंत काढायची नाही हा तुमचाच नियम. तार माळेमागे राहिली. मी साफ विसरलो, आबा. चौथ्या दिवशी कार्डिंगात वायर तापून तापून कापूस पेटला. एक माणूस गेला.

साहेब विचारतोय, ही तार कोणी घातली? तुम्ही माझ्याकडे बघताय, नुसते गोंधळून. आणि मी बोलतोय, "आबांना हल्ली कमी दिसतं, साहेब."

नोकरी गेल्यावर तुम्ही चाळीच्या गॅलरीत शिशाचे आणि तांब्याचे तुकडे घेऊन बसायचात. डोळे मिटून चाचपायचात. दर वेळी बरोबर ओळखायचात, तरी तुमचाच तुमच्यावर विश्वास बसेना. एकदा मला जवळ बोलावलंत.

"ती तार मीच घातलंय काय रे? माका कायच आठवणा नाय."

"तुमीच घातलात, आबा."

तुम्ही मान हलवलीत. त्या माणसाच्या मरणाचा भार घेऊनच गेलात. क्षमा मागायचीसुद्धा मला लाज वाटते.

आई अजून आहे. दसऱ्याला झेंडू घरात येऊ देत नाही. "तुझ्या बापाशीच्या हातान पाप घडला," म्हणते. आज सकाळीही म्हणाली. हा कागद मी चुलीत घालणार आहे, आणि ती पुन्हा तसं म्हणेल तेव्हा मी पुन्हा गप्पच बसेन.