बुडाली की बुडवली

ता. ९, मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

पत्रास कारण की... कारण आहे, पण एवढ्यात सांगत नाही. सात वर्षांनी पत्र लिहिणाऱ्या माणसानं उंबरठ्यावरच कारण सांगितलं, तर समोरचा दार लावून घेतो. आधी खुशाली. माझे गुडघे कुरकुरतात, जिभेची धार शाबूत आहे. तुझं दातांचं काम कसं चाललंय? अजून कवळ्या स्वतःच घासतेस, की हाताखाली माणसं ठेवलीस? आमच्या हिशेबनिसांची कवळी परवा शिंकेसरशी टेबलावर आली आणि मला पहिली तुझी आठवण झाली. तुझ्या हातची कवळी अशी पळून गेली नसती.

मी अजून संग्रहालयातच. लोक नोकरीत पाट्या टाकतात, मी पाट्या लिहिते, एवढाच फरक.

बाबांच्या इथल्या कार्यशाळेत आता घडीच्या खुर्च्या आणि मोडके पंखे ठेवतात. पण कोपऱ्यातलं कपाट उघडलं की सरसाचा वास येतो, तोच. मी कधीकधी उगाच उघडते. जहाजाच्या प्रतिकृतीसाठी नखाएवढ्या जाडीच्या फळ्या गरम पाण्यातून काढून तू दोन्ही हातांनी वाकवून धरायचीस, बाबा शंभर आकडे मोजायचे, आणि नव्वदच्या पुढे मुद्दाम सावकाश. तू दात-ओठ खायचीस, पण सोडायची नाहीस. जहाजाच्या नाकावरच्या सिंहाला तू शेजारच्या काकांची मिशी कोरलीस, तेव्हा हसता हसता बाबांचा चष्मा सरसाच्या भांड्यात पडला. "पोरीचा हात माझ्यापेक्षा बरा आहे," म्हणाले. हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. नंतर ते त्यांनी परत घेतलं, तेही ऐकलंय.

तर, बातमी जहाजाचीच आहे. आपल्या.

तीनशे वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी, काठावर वाजंत्री वाजत असताना बुडालेली ती युद्धनौका. ती का बुडाली यावर जेवढी माणसं भांडली, तेवढी तिच्यावर चढलीही नसतील. वारेवाले म्हणतात, अवचित वावटळ आली. निरमवाले म्हणतात, वर तोफांचे तीन मजले चढवले आणि तळात निरम कमी भरलं. आणि झडपवाले, म्हणजे आपले बाबा, म्हणायचे की जहाज उत्तम होतं, तोफांच्या खिडक्यांच्या झडपा लावायच्या राहिल्या म्हणून पाणी शिरलं. तिन्ही पक्षांचं एकाच गोष्टीवर एकमत: बाकीच्या दोघांची डोकी बुडालेली आहेत.

आता पाणबुडे खाली जाऊन आले. गाळ उपसला, मोजमाप झालं. निरमवाले जिंकले. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "निरम म्हणजे काय हो? कडुनिंबाचं काही का?" म्हटलं, "जहाज सरळ उभं राहावं म्हणून तळाशी भरतात ते वजन, साहेब." काही माणसांना ते पोटावर आयतंच मिळतं, हे पुढचं वाक्य गिळलं. बघ, सुधारले आहे मी.

नवीन दालनासाठी बाबांची प्रतिकृती दुरुस्तीला काढली. त्यासाठी एक मुलगी आली आहे, तुझ्यासारखीच, काम करताना जीभ बाहेर काढून. तिनं तळाची फळी उचलली आणि मला हाक मारली. "मॅडम, इथे शिशाच्या वड्यांसाठी बारा खाचा आहेत. वड्या आठच. चार कुठे गेल्या?"

मी म्हटलं, "काळाच्या ओघात."

आमच्या धंद्यात काळाचा ओघ फार उपयोगी. काहीही त्यात सोडून देता येतं.

ताई, संग्रहालयाच्या अंगणातला तो आग विझवायच्या पाण्याचा हौद आठवतोय ना? नाही कसा आठवणार. संग्रहालयाच्या समितीचे सात जण खुर्च्यांवर, टेबलपंखा वाऱ्याच्या जागी. बाबा दाखवणार होते की झडपा बंद असल्या तर वाऱ्यातही जहाज कलतं आणि सावरतं; मग झडपा उघडून ते बुडवून दाखवायचं. चव्वेचाळीस झडपा लावायचं काम तुझं. तू चौदा वर्षांची, मी आठ. पंखा सुरू झाला, जहाज कललं, आणि कललं ते कललंच. शिडं पाण्याला टेकली. बुडबुडे आले. एक गृहस्थ हसले.

"एखादी झडप उघडी राहिली," बाबा म्हणाले. मग तुझ्याकडे बोट. "हिच्याकडून."

"नाही बाबा, सगळ्या लावल्यात. दोनदा मोजल्यात."

"मग बुडाली कशी?"

"मला काय माहीत!"

गंमत बघ, बाबा हरले नाहीत. एक झडप उघडी राहिली तरी जहाज जातं, असं सिद्ध झालं म्हणे. समितीनं टाळ्या वाजवल्या, दालनात पाटी लागली, ती अडतीस वर्षं टिकली. तुझ्या डोक्यावर खापर फुटलं आणि त्याच खापराचा बाबांनी मुकुट केला. "हिच्या हाताचा भरवसा नाही," म्हणाले, आणि कार्यशाळेची किल्ली तुझ्याकडून काढून घेतली.

मग घरात म्हणच पडली. दूध उतू गेलं, ताईची झडप उघडी राहिली. छत्री विसरली, ताईची झडप. सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचे. अठराव्या वर्षी तू दातांच्या कामाला दूर निघून गेलीस, तेव्हाही फाटकाशी मी ओरडले, "ताई, झडप लावून जा!" आणि सात वर्षांपूर्वी बाबांच्या शोकसभेत, माईक हाती आल्यावर, लोकांना हसवायला मी तेच सांगितलं. तू उठून गेलीस. मला वाटलं, तुला विनोद कळत नाही.

खोटं. मला तसं मुळीच वाटलं नाही. मला ठाऊक होतं तू का उठलीस.

पत्रास कारण आता सांगते.

आदल्या संध्याकाळी माझी साबणाच्या डब्याची होडी बादलीत सारखी उलटत होती. मी रडत तुझ्याकडे आले. तू म्हणालीस, "अगं शेपटे, तळात वजन घाल, म्हणजे उभी राहील." मी घातलं. जहाजाच्या तळातून चार वड्या काढून घातलं. होडी काय सुंदर उभी राहिली ताई! सकाळी परत ठेवणार होते. उठले तेव्हा जहाज हौदात होतं.

तुझ्याकडे बोट झालं त्या वेळी त्या वड्या माझ्या फ्रॉकच्या खिशात होत्या. फ्रॉक एका बाजूला कलला होता. कोणी पाहिलं नाही. सगळे जहाजाकडे बघत होते. मी त्या दिवशी भ्यायले म्हणून गप्प बसले, ते आठ वर्षांच्या पोरीला माफ असेल. पुढची अडतीस वर्षं मात्र मी हसले, कारण हसणाऱ्याचे खिसे कोणी तपासत नाही.

मराठीत 'बुडाली' हे फार सोयीचं क्रियापद आहे. करणारा लागत नाही. कोसळलं, हरवलं, राहून गेलं. माझी सगळी नोकरी याच क्रियापदांवर झाली. काल मात्र प्रतिकृतीची नवीन पाटी लिहून साहेबांना दिली: 'ही प्रतिकृती पहिल्या चाचणीत बुडाली नाही, ती बुडवली गेली. पाटी लिहिणारीनं लहानपणी तिचं निरम चोरलं होतं. झडपा लावणाऱ्या मुलीनं चव्वेचाळीसही लावल्या होत्या, दोनदा मोजून.' साहेब म्हणाले, "अहो, पाटी आहे की कबुलीजबाब?" म्हटलं, "शब्द चाळीसच्या आत आहेत. लावा."

सोबतचं पार्सल जड लागेल. त्यात चार वड्या आहेत. एक इतकी वर्षं माझ्या टेबलावर कागदांवर होती. तिच्याखाली मी काय काय दाबून ठेवलं, ते तुला आता कळलंच.

पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला, नवीन दालन उघडताना, हौद पुन्हा भरून तीच चाचणी करणार आहेत. पंखा तोच, डुगडुगणारा. दुरुस्तीवाल्या मुलीला नवीन वड्या ओतायच्या होत्या; मी नको म्हटलं. सांगितलं, उरलेल्या चार एका बाईकडे आहेत, तिनं आणल्या तर बारा होतील, आणि झडपाही तीच लावेल. नाही आणल्या तर जहाज आठांवरच सोडा, सगळ्यांसमोर बुडू दे, आणि का बुडालं ते मी माईकवर सांगीन. या वेळी हसवणार नाही.

तू आलीस तरी सांगीनच.

बुडवणारी,
तुझं शेपूट