तांदळात लिहिलेलं नाव

१७ नोव्हें., सोम.
खर्र, खर्र. त्या आवाजानं जाग आली. ताटातले तांदूळ, मी अंगठीनं नाव लिहितोय, सोनं खालच्या पितळेला घासतंय. पन्नास वर्षं झाली त्याला. उठून पाहिलं तर शेजारी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होता.

पोस्टात पेन्शनवाल्यांचं पत्र. घटस्फोटाच्या निकालाप्रमाणे माझी निम्मी पेन्शन मंजिरीची. त्याला माझी ना नाही. ऑन-कॉलच्या माझ्या रात्री तिनं एकटीनं काढल्यात. पण जन्मदाखल्यावर ती द्वारका, इथल्या सगळ्या कागदांवर मंजिरी. दोघी एकच, असं माझ्या सहीचं पत्र आणि सोबत आलेला फॉर्म परत जाईपर्यंत तिचे पैसे अडकलेत.

२० नोव्हें., गुरु.
सॉलिसिटरबाईंचा फोन. "डॉक्टर, दोन ओळी पुरेत." माझं दीड पान झालं. आठवीतली ती कविता, म्हणताना सर डोळे मिटायचे, नदीकाठची मंजिरी नावाची मुलगी... तेव्हाच ठरवलेलं, बायकोचं नाव हेच ठेवायचं. इंग्लिशमध्ये सगळं खुळचट वाटलं. फाडलं.

द्वारका हे नाव मला तेव्हा... असो.

२२ नोव्हें., शनि.
अनघा आली बर्मिंगहॅमहून. पोळ्यांचा डबा. चव ओळखली.
"आईनं दिल्या?"
"दिला नाही. मी उचलला."
मग मुद्द्यावर, तिच्या इथल्या मराठीत. "बाबा, तू तो लेटर अजून पाठवला नाही? आई माझ्या एवढ्याशा बॉक्स-रूममध्ये झोपते. पेन्शन आला की ती फ्लॅट घेणार."
"देतो गं."
"आणि नाव का बदलला ते लिही. फॉर्मवर बॉक्स आहे."
"आपल्यात पद्धत होती."
"हो, पण आईला कोणी विचारला होता का?"
भटजींनी ताट पुढं केलं, मी लिहिलं, पेढे वाटले. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. लेकीला हे सांगितलं नाही.
जाताना म्हणाली, आईला पैसे द्वारका नावानंच हवेत. बँकेत खातंही तसंच उघडलंय.

२५ नोव्हें., मंगळ.
दोन ओळी जमल्या. रकाना रिकामा. सही केली की मंजिरी कागदावरून गेली. माझ्याखेरीज कुणाचं अडणारही नाही त्या नावावाचून.
दुपारी मोठ्यानं म्हणून पाहिलं, "द्वारका." लग्नानंतर पहिल्यांदाच. स्वयंपाकघरात कसंसंच घुमलं. तिसऱ्यांदा जरा बरं वाटलं.

२९ नोव्हें., शनि.
सकाळी रकाना भरला: नवऱ्याला आवडलं म्हणून. तिला विचारलं नव्हतं.
सहीला पेन टेकवलं, ते तसंच राहिलं. पाच मिनिटं, दहा... बेल वाजली. अनघा आज यायची नव्हती. काचेतून जांभळा कोट दिसला, डाव्या खांद्यावर पर्स. तीन वर्षांत या घराकडे फिरकली नव्हती.
"कोण?" तरी विचारलंच.
"मी."
दार उघडलं. एक नाव ओठांवर आलं होतं, ते गिळलं. नुसतं "ये" म्हणालो.
कोट न काढताच टेबलापाशी गेली. चष्मा लावला, रकाना वाचला. पुन्हा वाचला. मग खुर्ची ओढून समोर बसली.
"पेन चालतंय ना तुमचं?"