पिकअपमधली माझी जागा

बाळा,

किल्ली घेण्याआधी हे वाच. मी वर्कशॉपला लवकर गेलोय.

काल तू जाहिरातीतला वजनाचा मोठा आकडा धरून पिकअप भरलीस. तो आकडा मागे जोडलेलं ओढण्याचा आहे, पाठीवर घेण्याचा नाही. पाठीवरचा आकडा दाराच्या आत चिकटवलेला असतो, तो बराच लहान आहे, आणि त्यात आत बसणारी माणसंही धरायची असतात. सकाळी बघतो तर गाडी मागून पार बसलेली.

पुस्तकांची खोकी आणि लोखंडी कपाट मागे जोडलेल्या ट्रॉलीत हलवलंय. खोकी ट्रॉलीच्या चाकांवरच राहू देत. पुढे सरकवलीस तर ट्रॉलीचं तोंड गाडीवर भार टाकतं. हवा भरलीय. ब्रेक लवकर दाबत जा.

एवढं करूनही वजन थोडं जास्तच भरत होतं. आईचं शिलाई मशीन पुढच्या खेपेला नेऊ, असं तू म्हणशील. नको. नव्या घरात पहिल्या दिवसापासून ते तुझ्याजवळ असू दे. त्याच्याऐवजी मीच उतरलोय.

तसाही निरोपाला मी काही कामाचा नसतो. वर्कशॉपवरून जाताना हॉर्न वाजव. बाहेर येणार नाही, पण तिथलं मशीन बंद करून ऐकेन.

बाबा