मॅनेजरचा एक डोळा

बरकतपुरा, हैदराबाद
रविवार, १६ मार्च

ती. नागसेनदादास,
धाकट्या निशिगंधाचा सविनय जय भीम.

फोन हाताशी असताना हिने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि पत्र मध्येच तोडता येत नाही, एवढंच कारण. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींनी साखर सोडली का, की नुसती चहातली सोडून पेढ्यातली चालू ठेवली? सौरभची परीक्षा संपली असेल. आम्ही दोघी इकडे मजेत. आत्याबाईंची तब्येत सासूची असावी तशी ठणठणीत आहे. माझी झोप तेवढी कमी झाली आहे, पण पंचेचाळिशीनंतर ती सगळ्यांचीच होते, तिचा कशाशी संबंध लावू नये. तुझा टेम्पोबद्दलचा मेसेज मिळाला. सामान बांधा, मासा कोणाला तरी देऊन टाका आणि कायमच्या नांदेडला या, हे सगळं वाचलं. त्याचं उत्तर शेवटी देते. मी घाबरलेली नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

तर आता मासा. ह्यांचा मासा तू पाहिला आहेस. (हे गेल्यावर जलदान विधीला आलास तेव्हा त्याच्यासमोर उभा राहून ‘याचे किती येतील?’ असं तू विचारलं होतंस आणि तो फुगला होता.) समुद्राच्या पाण्यातला, अंगभर काटे, तोंडात माणसासारखे दात. ह्यांनी त्याचं नाव मॅनेजर ठेवलं, कारण दिवसभर एका जागी बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघतो, काम काही करत नाही आणि मनासारखं झालं नाही की फुगतो. संध्याकाळी साडेसहाला ऑफिसातून आले की हे खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसत, चिमट्याने एकेक कोळंबी भरवत आणि दिवसभरात काय झालं ते मला सांगायच्या आधी त्याला सांगत. नऊ वर्षं मी त्या माशाचा मनातून मत्सर केला. आता सात महिने मीच त्याला भरवते आहे, पण ह्यांनी सांगितलेलं तो मला काही सांगत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी त्याच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आले. मलकपेठेत मुनव्वरभाईंचं माशांचं दुकान आहे, तिथे जाऊन फोटो दाखवला. ते म्हणाले, मोठ्या टाकीतून काढा आणि महिनाभर वेगळ्या टाकीत क्वारंटाइन करा. त्या टाकीत वाळू नाही, दगड नाही, लपायला प्लॅस्टिकच्या पाइपचा एक तुकडा आणि पाण्यात थेंब मोजून तांब्याचं औषध. “इसकू खवले नईं मॅडम, दवा थोडीच डालना, जास्ती हुई तो मर जाता,” असं त्यांनी मला तीनदा बजावलं. शिवाय महिनाभर माशाला जागेवरून हलवायचं नाही. (हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.) येताना मिठाची नवी पिशवी आणली, कारण हे समुद्राचं मीठ आमच्याकडे हल्ली फार लवकर संपतं. मी बादलीभर पाणी करते आणि बघावं तर पिशवी निम्मी. मुनव्वरभाई वजनात मारतात असा माझा संशय आहे.

मोकळा प्लग फक्त लहान खोलीत होता, म्हणून टाकी तिथे ठेवली. ह्यांची खुर्चीही तिथेच होती, कारण हॉलमध्ये ती मला बघवत नव्हती. आता या जातीच्या माशाचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात, हे शास्त्र आहे, तू पडताळून बघ. पहिल्या संध्याकाळी मी कोळंबी धरून उभी राहिले, तर मॅनेजरने एक डोळा माझ्यावर ठेवला आणि दुसरा खुर्चीवर. खाल्लं काही नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मी खुर्ची दाराजवळ सरकवली, डोळा दाराकडे गेला. म्हटलं ठीक आहे, मुक्या जिवाला खुर्चीचा लळा असेल. मग खुर्ची उचलून हॉलमध्ये ठेवली आणि परत येऊन बघते, तर डोळा तिच्या मूळच्या जागेकडे लागलेला. आणि खाली फरशीकडे नव्हे. बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल, बरोबर तेवढ्या उंचीवर. मी निमूटपणे खुर्ची परत आणून ठेवली. नुसत्या मोकळ्या जागेपेक्षा खुर्ची परवडली.

तू म्हणशील, काचेतलं प्रतिबिंब. मीही तेच म्हटलं. टाकीच्या मागे काळा कागद लावला, ट्यूब बंद केली, पंखा बंद केला. डोळा तिथेच. मग बावीस प्रतिज्ञा मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणून पाहिल्या. श्राद्ध-पिंडदान करणार नाही असं त्यांत आहे आणि ते मी करतच नाही, पण माशाने कुठे बघावं याबद्दल एक शब्द नाही. आत्याबाईंचं मत पडलं की मॅनेजरला दृष्ट लागली आहे, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकू. मी म्हटलं, एक तर आपल्या घरात असलं चालत नाही आणि दुसरं, जो दिवसरात्र मिठातच राहतो त्याच्यावरून मीठ ओवाळून काय उपयोग? त्या गप्प बसल्या. आत्याबाई गप्प बसल्या की घरात काहीतरी घडतं, हे मला तेवीस वर्षांत कळायला हवं होतं.

गेल्या रविवारी मी ऑफिसातल्या वंदनाच्या नव्या घराच्या जेवणाला दिलसुखनगरला गेले. मॅनेजरच्या उपासाचा तो नववा दिवस. दुपारी अडीचला परत आले तर तो तळाशी आडवा, राखेच्या रंगाचा, कल्ला मिनिटाला एकदा हलणारा आणि त्याच्या शेजारी पाण्यात आमचा तांब्याचा गडू. (तोच, ‘चि. निशिगंधा हिस बंधू नागसेनकडून सप्रेम भेट’ असं कोरलेला.) तांब्याचं औषध असतं हे आत्याबाईंनी ऐकलं होतं, मी थेंब मोजते हे पाहिलं होतं आणि सून हात आखडता घेते असा निष्कर्ष काढला होता. रोज सकाळी गडूतलं पाणी पिऊन त्यांची कंबर सुधारली, मग माशाने काय पाप केलं? म्हणून चिंचेने घासून, लख्ख करून, गडू टाकीत. तपासणीच्या नळीतलं पाणी शाईसारखं निळं आलं. रागवायलाही मला वेळ नव्हता.

उपाय एकच, पाणी ताबडतोब बदलायचं. पण मोठ्या टाकीतलं पाणी त्याच ठिपक्यांच्या रोगाचं आणि नवं समुद्राचं पाणी ताबडतोब होत नाही. मीठ टाकून दिवसभर पंपाने घुसळावं लागतं, नाहीतर मासा त्यानेच जातो. मी टाकीसमोर बसकण मारली आणि रडले, दादा. सात महिन्यांत एवढी रडले नव्हते. तू म्हणशील एका माशासाठी? पण हा गेला तर संध्याकाळी साडेसहाला त्यांची वाट बघणारं माझ्याशिवाय कोणी उरणार नाही, आणि एकटीने वाट बघायची मला भीती वाटते.

तेवढ्यात गॅलरीकडून घरघर ऐकू आली. मी गॅलरीत जात नाही, हे तुला ठाऊक आहे. हे तिथेच गेले. शनिवारची सकाळ होती, निळ्या ड्रममध्ये आठवड्याचं पाणी करत होते. पाणी भरून झालं होतं, मीठ टाकून झालं होतं आणि पंपाची पिन बोर्डात लावायची राहून हातातच होती. ती मीच त्यांच्या मुठीतून सोडवली. त्या दिवसापासून ते दार माझ्यासाठी बंद आहे, कपडे वाळत घालायला तेवढ्या आत्याबाई जातात. त्या दुपारी मी दार उघडलं. ड्रम भरलेला होता, ह्यांनी माझ्या नेलपॉलिशने आतून ओढलेल्या लाल रेघेपर्यंत. पंप चालू होता. मीठ पार विरघळलेलं, तळ स्वच्छ दिसत होता. मीटरने खारटपणा तपासला तर आकडा हे ठेवायचे तोच.

मी विचार करत बसले नाही, पाणी बदललं. साडेसहाच्या सुमारास मॅनेजर पाइपातून बाहेर आला आणि त्याने कोळंबी खाल्ली. माझ्या चिमट्यातली, पण दोन्ही डोळे खुर्चीकडे लावून. तेव्हापासून रोज जेवतो, ठिपकेही कमी आहेत. ड्रम आत्याबाईंनीच भरला असणार, दुसरं आहे कोण? आठवडाभर त्यांना विचारायचं राहून गेलं. कामाच्या गडबडीत राहिलं, घाबरले म्हणून नव्हे.

पत्र लांबलं, तेव्हा पुरे करते. वहिनींना जय भीम, सौरभला अनेक आशीर्वाद आणि तुझ्या गुडघ्याला आराम.

तुझी,
निशिगंधा

ता. क. पत्राची घडी घालता घालता शेवटी आत्याबाईंना विचारून आले. दर शनिवारी मी ऑफिसला गेले की त्याच ते करतात. नऊ वर्षं लेकाला बघितलेलं, लाल रेघेपर्यंत पाणी आणि अकरा मग मीठ. सोमवारी मोरीत ओतून देतात. (मीठ कुठे जात होतं ते कळलं. मुनव्वरभाईंवरचा संशय मागे घेते.) कशासाठी, तर त्याचं काम अर्धवट राहिलं म्हणून. म्हणजे तुझ्या विज्ञानाचाच विजय झाला. मग मी सहज विचारलं, पंपही तुम्हीच लावता ना? म्हणाल्या, “पानी म्या भरते, मीठ म्या टाकते. पिनीला हात लावत न्हाई बाई, करंट बसतो. ती लागलेली आसती.”

आणखी ता. क. ज्यासाठी लिहायला बसले ते राहिलंच. येत्या रविवारचा टेम्पो सांगू नकोस, सांगितला असशील तर रद्द कर. क्वारंटाइनचे अजून दोन आठवडे आहेत आणि माशाला जागेवरून हलवायचं नाही, ते वर लिहिलंच आहे. दोन आठवड्यांनंतरही सांगू नकोस. आम्ही इथेच आहोत.

शेवटचा ता. क. तू मात्र जरूर ये. हॉलमधल्या सोफ्यावर झोप, गडूतलं पाणी पी. फक्त लहान खोलीतल्या त्या खुर्चीत बसू नकोस, साडेसहाला तर नकोच. तू असलं काही मानत नाहीस, मीही मानत नाही. पण मॅनेजर त्या वेळी दिवसभराचं ऐकत असतो.