राय की राई

सुरत, १२ डिसेंबर १९८६

आणि वर रुसली आईच! हात भाजले माझे, मग चिडून लिहिणार नाही तर काय? गिरणीच्या रंगखात्यात हातांना भेगा पडल्या, म्हणून तिनेच धाकट्या बहिणीकडून लिहवलं, 'राय तेलमा कढाय, पानीमा फेट, हातले लाव.' दुकानात राय मागितली, कढवली, लावली. नुसती आग! मग लिहिलं, तुझी गावठी औषधं तुलाच लखलाभ.

आज खोलीतले शिरपूरचे नाना हात बघून हसत सुटले. "आरे येड्या, राय म्हंजे राळ, झाडना चीक! तू हातले राईनी फोडणी दिधी!"

राळ. आपल्याकडे खानदेशात 'ळ'चा 'य' होतो, आणि सुरतेचा दुकानदार राय म्हटल्यावर मोहरीच देणार. मी तरी तिला मलम करताना कधी पाहिलं? तयार, लोण्यासारखं पांढरं, तेवढं टाचेला चोपडलं.

धाकटी लिहिते, आईने मलम करणंच सोडलं. टाचा फुटल्यात, तशीच कापूस वेचायला जाते.

माझ्या एका शब्दापायी. म्हणजे तिच्या, 'राय'पायी. नाही, माझ्याच, 'गावठी'पायी.

मनिऑर्डरीच्या कुपनावर लिहिलं, 'आई, चूक माझी. राळ आण, मलम कर, आधी तुझ्या टाचांना लाव.' नेहमीचे शंभर आणि राळेचे दहा. एकशे दहा रुपये.